हद्दीच्या दगडाखाली

खिडकीवरच्या कारकुनाने फाईल माझ्यापुढे सरकवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

"पहिली तीन पानं बघा, काका. चौथं बघायचं नाही."

"चौथ्यात काय आहे?"

"हरकत."

"कोणाची?"

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याऐवजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "शेजाऱ्याची. मजकूर सुनावणीच्या दिवशी वाचून दाखवतील. नियम आहे."

"मला शेजारी एकच आहे."

"मग मला कशाला विचारता?" त्याने फाईल मागे ओढली आणि तिची नाडी बांधली. गाठ अशी आवळली, जणू मी खिडकीतून हात घालून ती सोडणारच होतो.

माझा एकुलता एक शेजारी म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमच्या दोघांच्या जमिनी कालव्याच्या काठाने लांबच लांब पसरलेल्या आहेत. पक्का रस्ता कालव्याच्या पलीकडे, आणि कालव्यावर पूल एकच. पूल ओलांडला की समोर वाट लागते. वाटेच्या पश्चिमेला मी, पूर्वेला धाकटा. माझ्यापलीकडे सरकारी कुरणाची दगडी भिंत, त्याच्यापलीकडे पंपघर. तिसरं कोणी नाही.

मी मागितलं होतं एवढंच, की माझ्या जमिनीचे तीन तुकडे पाडू द्यावेत. घराखालचा एक, शेताचा एक, आणि मागचा लहानसा लेकीच्या नावे, तिला दोन खोल्या बांधायला. लेक, जावई आणि नात शहरात एका इस्त्रीच्या दुकानावर भाड्याने राहत होते, आणि ती इमारत वर्षअखेर पाडायची नोटीस जिन्यात लागली होती. लेकीने घराचा नकाशा वहीच्या पानावर स्वतः काढला होता. स्वयंपाकघराची खिडकी आमच्या घराच्या दिशेला. "आई हाक मारेल ती ऐकू यायला हवी," म्हणाली.

पण मागच्या तुकड्यावर घर बांधायचं तर तिथपर्यंत सहा मीटर रुंद वाट लागते. आगीचा बंब वळला पाहिजे, असा नियम. कागदावर आमची वाट सहा मीटर होती. पाहणीला आलेल्या मोजणीवाल्या मुलीने दोन कुंपणांच्या मध्ये फीत धरली, तर चार भरली. तिने पुन्हा धरली. पुन्हा चार.

"कोणाचं तरी कुंपण पुढे आलंय, काका," ती म्हणाली. "कोणाचं ते पूर्ण मोजणीशिवाय सांगता येणार नाही. मोजणीचा अर्ज करा. दोन महिने लागतील."

दोन महिने कुठून आणायचे? परवानगी देणाऱ्या समितीची बैठक दहा दिवसांवर होती आणि ती शेवटची होती. पुढच्या महिन्यापासून नवा आराखडा लागू होणार होता. त्यात कालव्याच्या आमच्या बाजूचा सगळा पट्टा हिरव्या रंगाने भरला होता. हिरवा म्हणजे शेती. तिथे पुढे कोणालाच तुकडे पाडता येणार नव्हते. या बैठकीत झालं तर लेकीचं घर, नाही तर कायमचं नाही.

माझ्या बाजूने दोन मीटर सोडून मोकळं व्हावं, तर माझ्या घराची भिंत कुंपणापासून दीड मीटरवर. धाकट्याच्या बाजूला मात्र नुसती झुडपं आणि गवत. सरकायला जागा होती ती त्याच्याकडे, आणि हरकत आली होती तीही त्याचीच. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

तसा तो पहिल्यापासून कमी बोलणारा. लहानपणी लोक त्याला मौनीबाबा म्हणायचे. पण गेल्या महिन्यापासून त्याचं गप्प राहणं मला वेगळं वाटू लागलं होतं. दोनदा मी त्याला कार्यालयाच्या जिन्यावरून उतरताना पाहिलं. मला बघून तो खिशात काहीतरी शोधू लागला. एकदा तो त्याच्या कुंपणाकडे पाठ करून उभा होता आणि हातात गुंडाळलेली फीत होती. मी विचारलं, "काय मोजतोस?" तर म्हणाला, "काही नाही, दादा. बरा आहेस ना?" वाटणी झाल्यापासूनच्या बावीस वर्षांत त्याने मला बरा आहेस का म्हणून विचारलं नव्हतं.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

ती खिडकीत बसून शेंगा सोलत होती. "भाऊ आहे तुमचा."

"भाऊ आहे म्हणूनच सांगतोय. परका असता तर सरळ भांडलो असतो."

"मग जा की. जाऊन विचारा."

"विचारलं तर सावध होईल."

"सावध तर तुम्ही झालात," ती म्हणाली. "सकाळपासून चार वेळा कुंपणापर्यंत जाऊन आलात. ती झुडपं तरी घाबरतील."

तिला हसू येत होतं. मला येत नव्हतं. झुडपांचं कुंपण असलं की ते दर वर्षी थोडं थोडं पुढे येतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. छाटताना आतून जास्त छाटायचं आणि बाहेरून कमी, की झालं. आणि त्याच्या जोडीला हद्दीचा दगड हलवला असेल, तर मग बोलायलाच नको.

माझी सगळी उमर मोजणीच्या साखळीमागे गेली. साहेब पुढे यंत्र लावायचे, वहीत लिहायचे. साखळी ओढायची, ताणायची, टोकाला खूण रोवायची, हे माझं काम. तीस मीटरची लोखंडी साखळी, दीडशे कड्या. लोक मला साखळीकाका म्हणू लागले ते त्यामुळे. पुढे कार्यालयात पोलादी फिती आल्या, जुन्या साखळ्या मोडीत निघाल्या, तेव्हा माझ्या हातातली साहेबांनी मलाच देऊन टाकली. मग सुट्टीच्या दिवशी लोक मला घरी न्यायला येऊ लागले. याचं कुंपण, त्याचा गोठा, शाळेचं मैदान. मी एका चहावर मोजून द्यायचो. मी रोवलेल्या दगडावरून कधी तंटा झाला नाही. साखळीकाकाने मोजलं म्हटलं की माणसं गप्प बसायची.

आमची वाटणीही मीच मोजली होती. वडील म्हणाले होते, "बाहेरचा माणूस कशाला? तू मोज, धाकटा साखळीचं दुसरं टोक धरेल." कागदावर आमचा काठ एकूण चारशे शहाऐंशी मीटर. दोघांना आठ आठ साखळ्या, म्हणजे दोनशे चाळीस मीटर प्रत्येकी, आणि मध्ये उरलेली सहा मीटर वाट दोघांची. आम्ही कुरणाच्या भिंतीपासून आठ साखळ्या आलो आणि माझा दगड रोवला. मग पंपघराच्या भिंतीपासून उलटे आठ साखळ्या आलो आणि त्याचा दगड रोवला. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. वाटणीच्या कागदावर मी अंगठा उठवला, धाकट्याने सही केली.

दगड रोवण्याआधी आम्ही एक काम केलं होतं, जे मोजणीतली जुनी माणसं नेहमी करत. खड्ड्यात आधी कोळसा कुटून टाकायचा, वर फुटक्या भांड्याचे तुकडे, आणि मग दगड. त्याला साक्ष म्हणायचे. दगड कोणीही उपटून चार हात पलीकडे रोवू शकतो. पण कोळसा कुजत नाही, खापर विरघळत नाही, आणि खालची माती काळी पडते ती काळीच राहते. दगड हलला, तरी साक्ष जागच्या जागी राहते. आम्ही घरातला निळ्या फुलांचा कान तुटलेला कप फोडला आणि अर्धे तुकडे माझ्या दगडाखाली टाकले, अर्धे त्याच्या. हे ठाऊक असलेली माणसं दोनच.

बैठकीला चार दिवस उरले असताना धाकटा आणि त्याची बायको शहरात गेले. दुपारची वेळ होती. मी पहार आणि फावडं घेतलं आणि वाट ओलांडून त्याच्या कुंपणात शिरलो. स्वतःच्या भावाच्या जमिनीत चोरासारखं वाकून चालायची पाळी या वयात यावी. दोनदा मागे वळून पाहिलं.

दगड हलवायला मला अर्धा तास लागला. तो मुळासारखा घट्ट बसला होता. खाली हात घातला आणि बोटांना खापर लागलं. निळं फूल, अर्धं. त्याखाली कोळसा, आणि कोळशाखाली माती काळीभोर, दाबून दगडासारखी झालेली. ती माती बावीस वर्षांत कोणी उकरलेली नव्हती.

त्याचा दगड हलला नव्हता.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी दगड परत बसवला, माती दाबली, पाला पसरला आणि वाट ओलांडून माझ्या बाजूला आलो. तेव्हा माझ्या दगडाकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. त्याच्या भोवतीची माती भुसभुशीत होती. वरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. कोणीतरी ते मुळासकट काढून पुन्हा जागेवर ठेवलं होतं.

म्हणजे हलवला तो माझाच दगड? मला चोर ठरवायला? मी तिथेच गुडघे टेकले आणि उकरू लागलो. दगड सहज निघाला. खाली कोळसा होता. माती खाली काळी आणि घट्ट, जागच्या जागी. आणि वर निळ्या कपाचे तुकडे, एकात एक नीट रचून ठेवलेले. पुसलेले. मी ते फेकले होते, रचले नव्हते.

धाकटा येऊन बघून गेला होता. मी जे आत्ता त्याच्या दगडाखाली शोधलं, तेच त्याने माझ्या दगडाखाली शोधलं होतं. म्हणजे तोही माझ्याकडे त्याच डोळ्यांनी बघत होता, कदाचित माझ्या आधीपासून.

दोन्ही दगड जागेवर होते. झुडपांची खोडं दगडांच्या रेषेतच होती, फांद्यांचं सोडा. तरीही वाट दोन मीटरने कमी. जमीन तर कोणी खाल्ली नव्हती.

मी घरी आलो, हात न धुता छपरीत गेलो आणि खुंटीवरची साखळी उतरवली. दर वर्षी तिला तेल लावत होतो. बायको दारात आली.

"आता ही कशाला?"

"टोक धर."

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने मला पोलादी फीत भेट दिली होती. मी ती डब्यातून कधी काढलीच नव्हती. साखळी असताना फीत कशाला, असा माझा तोरा. आता ती काढली, अंगणात सरळ अंथरली आणि तिच्या शेजारी साखळी ताणून धरली. फितीवर तीस मीटर संपले. साखळी संपली नाही. टीचभर उरली.

"माझी पकड सुटली असेल," बायको म्हणाली.

"नाही सुटली."

तीन वेळा धरली. तिन्ही वेळा साखळी टीचभर लांब. साडेबारा सेंटिमीटर.

साखळी वापरून वापरून लांबते. कडीवर कडी घासते, लोखंड झिजतं, दीडशे जागी केसाकेसाने वाढ होते. म्हणून कार्यालयाच्या ओटीवर दगडात दोन खिळे ठोकलेले असत आणि दर महिन्याला साखळी त्या खिळ्यांवर ताणून बघत. वाढली असेल तर एखादी कडी काढत. हे मी तरुणपणी दुसऱ्यांना शिकवलं होतं. पण ही साखळी घरी आणल्यापासून मी ती कधी खिळ्यांवर नेली नव्हती. ती माझी साखळी होती ना.

आठ साखळ्या, आठ टिचा. माझ्याकडे एक मीटर जास्त आला, त्याच्याकडेही एक मीटर जास्त गेला. आम्ही दोघे दोन्ही टोकांकडून आलो आणि मधली वाट दोन्हीकडून खात आलो. आणि वाट मोजलीच नाही, कारण हिशेबाने ती सहा मीटर होतीच. खात्री करायला मी फितीने कुरणाच्या भिंतीपासून माझ्या दगडापर्यंत मोजलं. दोनशे एक्केचाळीस.

बायको पायरीवर बसली. "मग सांगून टाका की धाकट्या भाऊजींना. दोघांनी एकेक मीटर मागे सरायचं. मिटलं."

"समितीला काय सांगू? मोडीतल्या साखळीने मोजलं म्हणून?"

"सांगा."

"या साखळीने मी आणखी किती मोजलंय माहीत आहे तुला?"

तिने साखळीचं टोक उचलून पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "किती?"

मी मोजायला लागलो आणि हाताची बोटं संपल्यावर थांबलो. मी रोवलेल्या दगडांवरून तंटा झाला नाही, कारण कोणी मोजून पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं.

धाकट्याला मी सांगितलं नाही. अजूनही तो मला सरळ वाटत नव्हता. दगड बघून गेला तर बोलला का नाही? हरकत कसली घेतली? एकदा मी कबूल केलं की माझ्या साखळीत खोट आहे, तर तो सगळंच माझ्या अंगावर ढकलेल आणि स्वतःचा मीटर दाबून बसेल, असं वाटत होतं. आणि दुसरंही एक वाटत होतं, ते लिहायला जड जातं. समितीत मी नुसतं म्हटलं की कुंपण त्याचं सरकलं, तर माझं ऐकतील. मी साखळीकाका. तो कोण? त्याला दोन मीटर मागे सारतील, लेकीचं घर होईल, आणि साखळी परत खुंटीवर जाईल. चार दिवस मी हा विचार मनातून हाकलत होतो आणि चार दिवस तो परत येत होता.

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या दालनात होती. लांब टेबल, त्यावर पाण्याचं भांडं, भिंतीवर नवा आराखडा चार टाचण्यांनी लावलेला. खालची एक टाचणी सुटली होती आणि आमचा हिरवा पट्टा पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. अध्यक्षबाईंचा छापखाना होता. त्या प्रत्येक कागद उजेडात धरून बघायच्या. त्यांच्या डावीकडे खडीवाला बसला होता. त्याचा खडीचा धंदा, आणि त्याच्या आवाराचं कुंपण मीच मोजून दिलेलं. मोजणीवाली मुलगी नकाशापाशी उभी होती. लेक माझ्या शेजारी, वहीचं ते पान मांडीवर घेऊन. धाकटा शेवटच्या रांगेत, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

आमचा विषय सातवा होता. सहाव्यात कोणाच्या तरी गोठ्याच्या छपरावरून पाऊण तास गेला.

"विषय सात," कारकुनाने वाचलं. "जमिनीचे तीन तुकडे करून मागील तुकड्यावर घरबांधणी. वाटेची रुंदी कागदावर सहा, जागेवर चार. एक हरकत."

"चार मीटरवर परवानगी देता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बंब अडकेल. हरकत वाचा."

कारकुनाने नाडी सोडली. चौथं पान काढलं. लेकीने माझा हात धरला.

"'वाट कमी आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय परवानगी देऊ नये,'" त्याने वाचलं. "'माझ्या बाजूची लांबी मी स्वतः फितीने मोजली. दोनशे चाळीसऐवजी दोनशे एक्केचाळीस भरली. तो एक मीटर माझा नाही. दुसऱ्या बाजूची मी मोजलेली नाही. ती समितीने मोजावी.' खाली सही."

दालनात कुजबुज झाली. खडीवाला खुर्चीत मागे रेलला. "चला, चोर स्वतःच हजर झाला. बावीस वर्षं वापरला आणि आता म्हणतो माझा नाही."

"मी चोरला नाही," धाकटा मागून म्हणाला. उभाही राहिला नाही.

"मग चालत आला का तुमच्याकडे?"

लोक हसले. अध्यक्षबाईंनी पेन टेबलावर आपटलं. "एक मीटर यांच्याकडे सापडला. उरलेला एक? काका, तुम्ही या कामातले. वाटणी तुम्हीच मोजली होती ना? तुमच्या मते कुंपण कोणाचं सरकलं?"

चार दिवस ज्याची भीती होती तो प्रश्न असा सरळ ताटात वाढून आला. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. खडीवाल्याने तर मान आधीच हलवली होती, मी काय म्हणणार ते ठरवून. मी धाकट्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता, लहानपणी पत्ते खेळताना बघायचा तसा. कुठलं पान लपवतोय ते शोधायला.

"कुंपण कोणाचंच सरकलेलं नाही," मी म्हणालो. "दगड जागेवर आहेत. मी दोन्ही उकरून पाहिलेत."

"दोन्ही?" धाकटा म्हणाला.

"दोन्ही. तुझाही. तू शहरात गेलास तेव्हा." मग मी टेबलाकडे वळलो. "खोट साखळीत आहे. ती मोडीत निघालेली होती. टीचभर लांब. मी तपासली नाही. त्याच्याकडे एक मीटर जास्त गेला तसा माझ्याकडेही एक आलाय. मी चार दिवसांपूर्वी मोजला. चूक त्याची नाही. मोजलं मी."

मोजणीवाल्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"बरोबर येतं," ती म्हणाली. "दोनशे एक्केचाळीस दोनदा, आणि चार. चारशे शहाऐंशी."

खडीवाला हळूहळू पुढे वाकला. "काका, ती साखळी... माझ्या आवाराला तीच वापरली होती का?"

"हो."

"आणि शाळेच्या मैदानाला?"

"त्यालाही तीच."

"म्हणजे माझ्या शेजाऱ्याकडे माझं गेलंय, का माझ्याकडे त्याचं आलंय?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. "पहिल्यांदा कोणाच्या बाजूने मोजलं त्यावर आहे."

त्याने आजूबाजूला पाहिलं. त्याचा शेजारी तिसऱ्या रांगेत बसला होता आणि तोही त्याच्याकडेच बघत होता. इतका वेळ हसणाऱ्या त्या दालनात आता प्रत्येक जण आपापल्या शेजाऱ्याचा अंदाज घेत होता.

निर्णय अध्यक्षबाईंनी तिथेच लिहवून घेतला. दोन्ही मालकांनी तीस दिवसांत आपापली कुंपणं एकेक मीटर मागे घ्यावीत, मोजणी कार्यालयाने जागेवर खूण करून द्यावी, वाट पूर्ण सहा मीटर भरल्यावर परवानगी ग्राह्य. जुन्या घराची भिंत कुंपणाला फार जवळ येईल, तिला सूट. "आणि काका," त्या म्हणाल्या, "साखळी इथे आणून द्या. परत कोणाच्या हातात जायला नको." त्यांनी रागाने म्हटलं नाही. पण पूर्वी त्या मला नमस्कार करायच्या, त्या दिवशी केला नाही.

जिन्यात धाकटा मागून आला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? तुझ्या मापाला खोटं म्हणायचं?" तो म्हणाला. "म्हटलं, कार्यालयाने म्हणावं."

"माझा दगड उकरलास."

"तू माझा उकरलास."

"कपाचे तुकडे का पुसलेस?"

"मोजायचे होते. आपण सात टाकले होते. सात भरतात का ते बघितलं."

"भरले?"

"भरले. म्हणून तर डोकं चालेना."

पुढच्या आठवड्यात मोजणीवाली मुलगी येऊन चुन्याच्या दोन रेघा मारून गेली. आम्ही झुडपं उपटली. माझ्या घराच्या भिंतीला अर्ध्या मीटरवर कुंपण आलं. बायकोच्या कुंड्या हलवाव्या लागल्या. "आता स्वयंपाक करताना वाटेवरून जाणाऱ्याचा हात हातात घेता येईल," ती म्हणाली, पण कुंड्या तिने स्वतःच उचलल्या.

त्याच दिवसांत कालव्यापलीकडे माणसं फिती घेऊन फिरताना दिसू लागली. जोडीने जायची, एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा, आणि मग जागा बदलून पुन्हा. खडीवाला दोनदा येऊन गेला, त्याच्या दगडाखाली साक्ष आहे का विचारायला. मी आहे म्हटलं. "तुम्हीच टाकलेली ना?" असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. दुकानात कोणी हाक मारली तर साखळीकाका म्हणत, पण म्हणताना थोडे अडखळत.

नवे दगड रोवायच्या दिवशी लेक आली होती. खड्डे तयार होते. मी कोळसा कुटला आणि कागदात गुंडाळलेले पांढऱ्या बशीचे तुकडे बाहेर काढले. धाकट्यानेही खिशातून पुडकं काढलं. त्यात तपकिरी बरणीची खापरं होती.

"माझे आहेत की," मी म्हणालो.

"असू देत. माझेही असू देत."

दोन्ही खड्ड्यांत दोघांची खापरं पडली. त्याने माझी मोजली ते मी पाहिलं. मी त्याची मोजली ते त्यानेही पाहिलं असणार.

दगड बसल्यावर लेकीने फीत घेतली. एक टोक माझ्या दगडावर मला धरायला दिलं आणि ती वाट ओलांडून धाकट्याच्या दगडापाशी गेली.

"ताणा, बाबा. अजून. हं." ती वाकली. "सहा. बरोबर सहा."

धाकटा तिच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने स्वतः आकडा वाचला. मग सरळ होऊन मला हात केला. लेक आपलं टोक त्याच्या हाती देऊन माझं धरायला आली. मी वाट ओलांडली, आणि वाकून पाहिलं.